विसर्ग घटला तरी पाणी का चढते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठावर एक तक्रार हमखास ऐकू येते : 'पाऊस ओसरला, धरणाचा विसर्गही कमी केला म्हणतात, मग पाणी चढतंय कसं?' त्यापाठोपाठ आकडे लपवल्याचा आरोप येतो. प्रशासनाचा प्रत्येक आकडा बरोबरच असतो असा आमचा दावा नाही. पण विसर्ग घटवल्यानंतरही पातळी वाढत राहणे यात लपवाछपवी असावीच लागते असे नाही. बारावीच्या गणितात शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या कोटीच्या अवकल समीकरणातून, म्हणजे मुलांच्या भाषेत 'डिफरन्शियल इक्वेशन'मधून, हे सरळ निघते. त्या धड्यात लोकसंख्यावाढ, किरणोत्सारी ऱ्हास आणि थंड होणाऱ्या वस्तूचे तापमान असते. दारातल्या नदीचे उदाहरण मात्र नसते.

आधी एककांचे बघू, कारण बातम्यांमध्ये घोळ तिथूनच सुरू होतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. त्यामुळे 'क्युसेक प्रतिसेकंद' हे चूक, आणि 'आज ५० हजार क्युसेक पाणी सोडले' हे अर्धवट : किती वेळ सोडले ते कळत नाही. गाडी ताशी साठने गेली म्हटल्यावर ती कुठवर पोचली हे जसे कळत नाही, तसेच हे. टीएमसी हा साठा, म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून एक हजार क्युसेक दिवसभर वाहिले की ०.०८६४ टीएमसी होतात, आणि एक टीएमसी दिवसभरात यायला किंवा जायला ११,५७४ क्युसेक लागतात. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्म्या बातम्या उलगडतात.

धरणाचे समीकरण असे : साठा बदलण्याचा दर बरोबर येवा (धरणात येणारे पाणी) वजा विसर्ग (सोडलेले पाणी). कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. समजा धरणात १५ टीएमसीची जागा शिल्लक आहे, येवा ६० हजार क्युसेक आहे आणि पायथा वीजगृहातून फक्त २,१०० क्युसेक सोडले जात आहेत. निव्वळ भर ५७,९०० क्युसेक, म्हणजे दिवसाला ५ टीएमसी. तीन दिवसांत धरण भरेल, आणि येवा तसाच राहिला तर चौथ्या दिवशी सगळे ६० हजार वक्री दरवाजांतून खाली सोडण्यावाचून इलाज उरणार नाही. हेच पहिल्या दिवसापासून ३० हजार सोडले असते तर रोजची भर २.६ टीएमसीच्या आसपास राहून पावणेसहा दिवस मिळाले असते. अर्थात पुढे पाऊस पडलाच नाही तर ते सोडलेले पाणी उन्हाळ्यात आठवते. वाद त्या अंदाजाचा आहे, गणिताचा नाही.

पातळीचे गणित जरा निराळे. पातळी वाढण्याचा दर काढायला निव्वळ भरीला त्या पातळीवरच्या पाणपसाऱ्याच्या क्षेत्रफळाने भागावे लागते. तळाशी पसारा लहान, वर मोठा. म्हणून तेवढाच येवा असूनही धरण सुरुवातीला भराभर चढते आणि शेवटचे काही फूट चढता चढत नाही. 'पाण्याचा जोर कमी झाला' हा निष्कर्ष नुसत्या पातळीवरून काढू नये.

आता नदी. कोयना जिथे कृष्णेला मिळते त्या कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंतचा नदीचा टप्पा हेसुद्धा एक धरणच समजा. फरक एवढाच की त्याला दरवाजे नाहीत. पात्रात जेवढे पाणी साठेल तेवढा खालच्या टोकाचा प्रवाह वाढतो. सोप्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) हा प्रवाह साठ्याच्या प्रमाणात धरतात : प्रवाह म्हणजे साठा भागिले एक ठरावीक कालावधी. त्याला साठवण स्थिरांक म्हणतात. समीकरण सोडवले की उत्तर येते ते असे : वरून येणारा प्रवाह आणि पुलाखालचा प्रवाह यांतली तफावत दर स्थिरांकाएवढ्या वेळाने ३७ टक्क्यांवर येते.

आकडे घालून पाहू. स्थिरांक २० तास धरू (हा उदाहरणापुरता). वर-खाली दोन्हीकडे ४० हजार क्युसेक चालू असताना वरचा प्रवाह अचानक एक लाख झाला. तफावत ६० हजारांची. पुलाखाली २० तासांनी सुमारे ७८ हजार, ४० तासांनी ९१,९०० आणि ६० तासांनी ९७ हजार. पण २० तास होताच वरचा प्रवाह एक लाखावरून ८५ हजारांवर आणला तर? बातमी येणार : 'विसर्गात १५ हजारांची कपात.' आणि पुलाखाली मात्र ७८ हजारांचे पुढच्या २० तासांत ८२,४०० होणार. कारण ८५ हजार अजूनही ७८ हजारांपेक्षा जास्तच आहेत. पाणी चढायचे थांबते ते वरचा प्रवाह घटू लागतो तेव्हा नव्हे, तर तो खालच्या प्रवाहापेक्षा कमी होतो तेव्हा. कपात थेट ६० हजारांपर्यंत केली असती तर पाणी उतरू लागले असते, तरीही २० तासांनी पुलाखाली ६६,६०० शिल्लक असते. यात वरचे पाणी खाली पोचायचा वेळ धरलेला नाही. तो निराळा मिळवायचा.

हा स्थिरांक मिळवण्यासाठी पूर उतरताना, पाऊस नसताना आणि वरचा प्रवाह स्थिर असताना, पुलाखालच्या प्रवाहातून तो स्थिर प्रवाह वजा करावा. उरलेली तफावत निम्मी व्हायला किती तास लागले ते पाहावे आणि त्या तासांना ०.६९३ ने भागावे. १४ तास लागले असतील तर स्थिरांक २० येतो. चढत्या पुरात हे करू नये, तिथे मधल्या पावसाचे पाणी मिसळलेले असते.

कॅलक्युलेटरवर पायरी-पायरीने करायचे तर एक तासाची पायरी पुरते : तफावतीचा विसावा भाग दर तासाला मिळवत जायचा. ४० हजारांचे ४३ हजार, मग ४५,८५०, असे करत विसाव्या तासाला साधारण ७८,५०० येतात. नेमक्या उत्तरापेक्षा जेमतेम सहाशेने जास्त. पण सकाळचा एकच आकडा घेऊन २४ तासांची पायरी टाकली तर ४० हजारांचे एकदम १ लाख १२ हजार होतात, म्हणजे येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारे जास्त! विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही गफलत सर्रास दिसते, आणि दोष मात्र समीकरणाला दिला जातो.

हे प्रतिमान फसते कुठे? पहिले म्हणजे वरून येणारे पाणी फक्त कोयनेचे नसते. धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस कोणत्याच दरवाजातून मोजून येत नाही, आणि अतिवृष्टीत तोच भारी पडतो. दुसरे, नदी पात्राबाहेर पडली की पाणी उसाच्या शेतांत पसरते, स्थिरांक वाढतो आणि पूर उतरायला चढण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतो. तिसरे सगळ्यांत किचकट. वारणा कृष्णेला हरिपूरला, म्हणजे आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला मिळते, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. कृष्णा तुंबलेली असेल तर पंचगंगेतून पाणी किती निघेल हे तिच्या एकटीच्या साठ्यावर ठरत नाही, पाण्याच्या उतारावर ठरते. अशा फुगवट्यात एकाच पातळीला कधी जास्त प्रवाह असतो, कधी कमी. त्यासाठी सेंट-व्हेनाँ यांनी १८७१ मध्ये मांडलेली आंशिक अवकल समीकरणे लागतात, नदीचे काटछेद, म्हणजे ठिकठिकाणची रुंदी आणि खोली, लागतात. म्हणून कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद वरच्या सोप्या हिशेबाने निकाली काढणाऱ्यांवर, ते कोणत्याही बाजूचे असोत, विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे मागणे एवढेच. पूरकाळातल्या चौकटीत नुसता टक्केवारीतला साठा आणि पुलाची पातळी छापून भागत नाही. प्रत्येक धरणाचा येवा आणि विसर्ग शेजारी-शेजारी द्यावा, प्रत्येक आकड्यापुढे तो किती वाजताचा आहे ते द्यावे, आणि पातळीपुढे गेल्या सहा तासांत ती किती इंच चढली किंवा उतरली हेही द्यावे. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ आणि ४३. ३८ फुटांवर तासाला चार इंच चढणारे पाणी आणि ४१ फुटांवर तासाला अर्धा इंच चढणारे पाणी यांपैकी जनावरे आधी कुठली हलवायची, हे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला त्या शेवटच्या रकान्यावरून ठरवता येईल.

— गणित व जलविज्ञान शिकवणारे दोन प्राध्यापक, सांगली