ब्लॉकवर खडूने लिहिलेले तीन आकडे

मिस्त्रीमामा,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण शेडमध्ये येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही पाना उचलता आणि कामाला लागता. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

घरी बांधायच्या क्रॉलर बग्गीसाठी स्वस्तातलं इंजिन हवं, एवढंच आम्ही विचारत होतो. क्रॉलर ही पळवायची गाडी नव्हे. डोक्याएवढ्या धोंड्यावर चाक अलगद चढवायचं आणि पलीकडे तितक्याच अलगद उतरवायचं, हे तिचं काम. तुमच्याआधी ज्यांच्या दारात गेलो, त्यांच्यापैकी एकानेही हे काम काय असतं ते विचारलं नाही. प्रत्येकाने आपल्याकडे पडून असलेलं इंजिन दाखवलं आणि तेच कसं योग्य ते सांगितलं.

एकाने जीपचं २५२३ सीसीचं डिझेल पुढे केलं. ते इंजिन वाईट नाही. खालच्या आरपीएमला ओढतं, इग्निशनची वायर नसल्याने पाण्याला घाबरत नाही. पण ७०० किलोंच्या आत बसवायच्या पाइपच्या सांगाड्यात ते टाकलं की सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो. मग स्प्रिंगा जाड करा, पाइप जाड करा, एक्सल मोठे घ्या. स्वस्त इंजिनाची गाडी अशी महाग होत जाते. दुसऱ्याने २२० सीसीचं मोटारसायकलचं इंजिन सुचवलं. त्याला रिव्हर्स नाही, ते वाऱ्यावर थंड होतं आणि ताशी दोन किलोमीटरच्या वेगात वारा लागतच नाही. सपाट मैदानातल्या हलक्या बग्गीला ते चालेल, खडकाला नाही. तिसऱ्याने इंजिनावर बाहेरून चंदेरी रंग मारून ठेवला होता. स्टार्टर मारून ‘चालू आहे, घेऊन जा’ म्हणाला. कॉम्प्रेशन बघू का विचारलं तर चिडला.

तुम्ही मात्र स्टुलावर बसवलंत आणि पहिला प्रश्न केलात, ‘इंजिन राहू दे. क्लचला पाय न लावता गाडी किती सावकाश चालायला पाहिजे?’ याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. सगळा हिशोब त्या प्रश्नातच होता. जो कोणी अशी गाडी बांधायला घेईल त्याच्या उपयोगी पडावा म्हणून तो इथे मांडतो.

पहिला गिअर साधारण साडेतीनाचा, म्हणजे इंजिन साडेतीन वेळा फिरलं की पुढचा शाफ्ट एकदा फिरतो. मारुती जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) लो गिअर २.२७ चा. एक्सल पावणेचार ते चाराचा. तिन्हींचा गुणाकार तीसच्या आसपास येतो. इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ९०० आरपीएमला फिरत असेल तर चाक मिनिटाला ३० वेळा फिरतं. टायरचा घेर २.२ मीटर धरला तर मिनिटाला ६६ मीटर, म्हणजे ताशी चार किलोमीटर. हा माणसाच्या चालण्याचा वेग झाला. खडकात तो फार होतो. चालक मग क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवतो आणि प्लेट जळते. इथे १०० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) देणारं इंजिन बसवलं तरी स्लोवर वेग तोच, ताशी चार. ‘मोठं इंजिन गाडी हळू करत नाही,’ हे तुमचं वाक्य आम्ही शेडच्या पत्र्यावर रंगवून ठेवलंय.

आता ओढायच्या ताकदीचं. मारुती ओम्नी व्हॅनचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन साधारण ६० न्यूटन-मीटर देतं, तेही अडीच-तीन हजार आरपीएमच्या टप्प्यात. तीस पटीने १८०० होतात. गिअर, डिफरन्शियल, बेअरिंग यांत पाचवा भाग गेला असं धरलं तर चाकांवर साडेचौदाशेच्या आसपास उरतात. ३५ सेंटिमीटर त्रिज्येच्या टायरवर ती सुमारे ४,१०० न्यूटनची ओढ झाली. ७०० किलोंच्या गाडीला ३५ अंशांच्या चढावर नुसतं टिकायलाच जवळजवळ ३,९५० न्यूटन लागतात. म्हणजे जेमतेम. सगळे इथेच चुकतात आणि मोठ्या इंजिनाकडे वळतात. तुम्ही गिअरकडे वळवलंत. गुणाकार तीसचा साठ केला की ओढ दुप्पट होते आणि स्लोचा वेग ताशी दोनवर येतो. एकाच खर्चात दोन्ही दुखणी जातात.

हे जमतं कारण जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती चॅसिसवर वेगळी टांगलेली असते आणि मधे आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे पुढे कुठलंही उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसणारं इंजिन-गिअरबॉक्स चालतं, महागडी जोडपट्टी बनवावी लागत नाही. ओम्नीचं इंजिन मूळचंच उभं, मागची चाकं फिरवणारं, म्हणून ते सरळ बसतं. तेच ७९६ सीसी ‘८००’ गाडीतून काढलं तर ते आडवं, पुढची चाकं फिरवणाऱ्या गिअरबॉक्ससकट येतं. इंजिन एकाच घराण्याचं असलं तरी आपल्या कामाचं नाही. भंगारात हा फरक न सांगता माल विकला जातो. मारुती एस्टीमचं १२९८ सीसी चांगलं आहे, जिप्सीच्याच गोत्रातलं आहे. पण त्याचं पुढचं, सोळा व्हॉल्व्हचं रूप खरं खुलतं वरच्या आरपीएमला, आणि क्रॉलरचा दिवस खालच्या आरपीएममध्ये जातो.

साठचा गुणाकार करायला त्या आखूड शाफ्टच्या जागी ओम्नीचाच दुसरा गिअरबॉक्स टाकायचा. तो एरवी चौथ्यात, म्हणजे सरळ एकास एक, आणि खडकात दुसऱ्यात. गोची एकाच ठिकाणी असते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक मूळ गाडीत क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये बसलेलं असतं. दुसऱ्या बॉक्सपुढे क्रँक नसल्याने ते टोक लोंबकळतं आणि आतलं बेअरिंग काही दिवसांत आवाज करायला लागतं. त्यासाठी बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) तोंडाला बेअरिंग बसवलेली जाड प्लेट लेथवर सेंटर काढूनच करायला हवी. नजरेच्या अंदाजाने वेल्ड केली तर प्लेटही वाया आणि बॉक्सही. दोन्ही बॉक्स एकदम पहिल्यात कधी घ्यायचे नाहीत. गुणाकार शंभराच्या वर जातो आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना पुढच्या एक्सलचा जॉइंट तुटतो. शिवाय दोन बॉक्समुळे लांबी वाढते, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन उभा होतो. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ठरवायच्या आधी हे मोजायचं, नंतर नाही.

आता त्या खडूबद्दल, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

तुमच्या शेडमध्ये ओम्नीची दोन इंजिनं होती. पुसून, झाकून ठेवलेलं एक आम्ही पसंत केलं होतं आणि पैसेही हातात धरले होते. तुम्ही न सांगता ते गरम होईपर्यंत चालवलंत, तिन्ही प्लग काढलेत, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायला लावलात आणि एकेका सिलिंडरला गेज लावलात. दर वेळी खिशातून खडूचा तुकडा काढून ब्लॉकवर आकडा लिहिलात. १६०. १५५. ११५. सगळे पीएसआयमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा गेज लावलं. काटा ११५ वरच. ‘ऑइलने वर चढला असता तर रिंगा गेल्या म्हटलं असतं. चढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बसत नाही, नाहीतर हेड गॅस्केट गेलंय. हे तुम्हाला देत नाही.’ आणि पैसे परत आमच्या खिशात घातलेत. स्वतःच्या मालाची खोट स्वतःच्या हाताने, गिऱ्हाइकासमोर, ठळक लिहिलीत. मग कोपऱ्यातलं दुसरं, तेलकट, धूळ खाल्लेलं इंजिन बाहेर काढलंत. १५५, १५०, १५५. तेही खडूने.

आजही कुणाला इंजिन बघायला मदत करताना आम्ही खडू बरोबर नेतो. आकडा किती, यापेक्षा तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत का हे आधी बघायचं. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर दिसला तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरायचा. स्लोवर झाकण उघडून धुराचे भपकारे येतात का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का हेही बघायचं. जो विकणारा यातलं काहीच करू देत नाही, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही.

बिलावर तुम्ही इंजिन नंबर स्वतः लिहिलात आणि मूळ गाडीची आरसी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत जोडलीत, तीही आम्ही मागितली नव्हती. ही बग्गी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवरूनच न्यायची. तरी इंजिन कुणाच्या चोरीच्या गाडीतलं नाही हे कागदावर असणं किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी बिलाशिवाय माल घेतलाय त्यांना विचारावं.

कार्बोरेटरवालं सोडून एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) घ्या, हाही तुमचाच आग्रह. अर्धा भरलेला चहाचा ग्लास फळीवर ठेवून तुम्ही फळी तिरकी केलीत, चहा एका कडेला गेला. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोलही चढावर असंच सरकतं. एका बाजूला तिरकं झालं की गाडी पेट्रोल पिऊन गुदमरते, दुसऱ्या बाजूला झालं की उपाशी बंद पडते. एमपीएफआय घेताना ईसीयू (तो संगणक), सेन्सर आणि वायरिंग एकही वायर न कापता एकाच गाडीतून घ्यायचं, इमोबिलायझर असेल तर चावीसकट. टाकी पसरट नको, उभी आणि खोल हवी, म्हणजे पंप उघडा पडत नाही. तिरकं झाल्यावर ऑइलही असंच एका बाजूला जातं, म्हणून इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये ते अडवणारी आडवी पत्री आणि डॅशवर ऑइल प्रेशरचा मोठा लाल दिवा. तो लागला की आधी चावी बंद. इंजिन मूळ गाडीत ज्या कोनात बसलेलं होतं त्याच कोनात बसवायचं, कारण चेंबर त्याच कोनासाठी घडवलेलं असतं. रेडिएटरच्या फॅनला थर्मोस्विचशिवाय हाताने लावायचं एक बटण. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचा मागचा ऑइल सील आणि क्लच प्लेट इंजिन खाली असतानाच बदलायची. हा खर्च इंजिनाच्या किमतीत धरूनच बजेट मांडा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खूप वाटलं होतं. आज तेच बरोबर वाटतं.

मामा, खोटं न बोलणारे पुष्कळ असतात. विचारलं नाही तर गप्प बसतात, एवढंच. गिऱ्हाइकाला जे विचारायचंही सुचत नाही ते आपणहून सांगणारे, त्यात आपलं नुकसान असताना सांगणारे, फार थोडे. अशा माणसांच्या शेडवर पाटी नसते, जाहिरात नसते. गावोगावच्या गल्ल्यांत ती असतात म्हणून आमच्यासारख्यांची कामं तडीस जातात. त्या दिवशी पैसे परत खिशात घालणारा तुमचा तेलकट हात अजून डोळ्यांसमोर आहे.

ट्रान्सफर केस ज्यांवर टांगलेली असते त्या तीन रबरांपैकी डावीकडच्या रबराला भेग दिसायला लागलीय. तुम्ही म्हणाला होतात, दुप्पट पीळ आला की आधी तेच बोलणार. पावसाआधी गाडी ट्रेलरवर घालून आणतो. साधं रबर घालायचं की टॉर्क आर्म (केसला पिळू न देणारा दांडा) जोडायचा, ते बघून सांगा. आणि या वेळी मजुरी घ्या.

तुमचे,
बग्गीवाले