नोटीस आधी, चर्चा नंतर?

मा. संपादक,

गेली बावीस वर्षे मी लेथवर काम करतो. त्यातली नऊ वर्षे युनियनचा प्रतिनिधी आहे. ‘कामगारांना निर्णयात सहभागी करून घेऊ’ हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की आता मी एवढेच विचारतो, निर्णय व्हायच्या आधी की झाल्यावर?

मागे आमच्याकडे पाळ्यांचे वेळापत्रक बदलायचे होते. व्यवस्थापन आणि कामगार यांच्या संयुक्त समितीची बैठक झाली. सकाळी सातला रात्रपाळी संपवून त्याच दिवशी दुपारी तीनच्या पाळीला यायचे, तर जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता माणूस पाच तासही झोपत नाही आणि तोच माणूस लेथवर जॉब पकडून फिरणाऱ्या चकासमोर उभा राहतो, हे आम्ही कागदावर मांडून दाखवले. साहेबांनी माना डोलावल्या. खाली आलो तर फलकावर नोटीस लागलेली, आणि तिच्यावर तारीख आदल्या दिवशीची! नोटिशीपुढचे ते दोन मिनिटांचे मौन मी विसरलेलो नाही.

अशा समित्या मला हव्याच आहेत. सुरक्षितता, यंत्रांची देखभाल, वाया जाणारा माल यांवर रोज हात काळे करणाऱ्याला जे दिसते ते केबिनमधून दिसत नाही. पण समिती म्हणजे युनियनला पर्याय नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1952च्या शिफारशीत सल्लामसलतीचे विषय वाटाघाटींच्या विषयांपासून वेगळेच ठेवले. तिच्याच 1971च्या आंतरराष्ट्रीय कराराने (कन्व्हेन्शन) तर निवडून आलेल्या प्रतिनिधींचा वापर युनियनला दुबळे करण्यासाठी होऊ नये, असे बजावले. जर्मनीत 1976च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला दिल्या. मते समसमान पडली तर अध्यक्षाला, जो सहसा मालकांच्या बाजूचा असतो, दुसरे मत असते, हे खरे. तरीही कागद आधी हातात येतात, ही गोष्ट लहान नाही.

आमचेही चुकते. करार झाला की पहिला प्रश्न ‘वाढ किती?’ हाच असतो, बाकीची पाने कोणी उलटत नाही. म्हणून पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खालोखाल तीन कलमे यावीत असा माझा आग्रह आहे: बदलाची माहिती लेखी आणि किमान एकवीस दिवस आधी मिळावी, सोबत ओव्हरटाइम व अपघातांच्या नोंदी असाव्यात आणि आमची सूचना नाकारली तर कारण इतिवृत्तात नोंदवावे.

आपला,
एक कामगार प्रतिनिधी