पडद्यातून कोण बोलणार?

सोलापूर

प्रिय सुनील,

तुझा प्रदर्शनाचा आराखडा पोचला. टचस्क्रीन आहेत, जमिनीवर उजळणारा शहराचा नकाशा आहे. आपल्या पोरांना हे नक्की आवडेल. पण ‘कुर्बान हुसेन यांच्याशी बोला’ म्हणजे पडद्यावरचं यंत्र त्यांच्या नावाने मुलांना उत्तरं देणार, या कल्पनेला माझा ठाम नकार आहे.

आपल्या चार हुतात्म्यांच्या स्मारकाजवळून, म्हणजे चार पुतळ्याजवळून, रोज जाणाऱ्यांनाही धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची फक्त नावं ठाऊक असतात. 5 मे 1930 ला गांधीजींना अटक झाली. 8 मे ला गोळीबारात शंकर शिवदारे पडले, जमाव खवळला, कोर्ट पेटलं, पोलीसही मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही आणि 12 मे ला मार्शल लॉ लागला. चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली, तीही पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून. हे सगळं मुलांपुढे यायला हवं, मारल्या गेलेल्या पोलिसांसकट. तुझ्या आराखड्यातल्या प्रश्नोत्तरांच्या खेळातली बरोबर-चूक मात्र इथे चालायची नाही. नकाशात कोर्टावर बोट ठेवलं की सरकारी कागद, निकालपत्र आणि घराघरांतून चालत आलेली आठवण शेजारी शेजारी उघडावी. कोण बोललं, कधी बोललं, तेही दिसावं. पोरं आपसात भांडली तर भांडू देत.

कुर्बान हुसेन गेले तेव्हा जेमतेम विशीत होते. ते न बोललेली वाक्यं यंत्राने त्यांच्या तोंडी घातली, तर ऐकणाऱ्याला खरं-खोटं कसं कळणार? नाझींच्या ज्यू-संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी जपणाऱ्या अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनने वेगळी वाट धरली. नाझींच्या मायदानेक छावणीतून वाचलेले पिंखास गटर यांना त्यांनी शेकडो प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं चहूबाजूंच्या कॅमेऱ्यांनी टिपली. पाहुणा काही विचारतो तेव्हा यंत्र त्यातलं जुळणारं उत्तर शोधतं, स्वतःचं काही रचत नाही. ‘जुळ्या बहिणीचं काय झालं?’ असं विचारलं तर बोलतात ते गटरच.

हे आपण सेटलमेंटमधल्या, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवलेल्या सोलापुरातल्या वसाहतीतल्या, म्हाताऱ्यांसाठी करू या. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तारेच्या कुंपणाआड त्यांची हजेरी घेतली जायची आणि त्यांच्या मेहनतीवर गिरण्याही चालल्या. देशभरातून तो कायदा गेला 1952 मध्ये, म्हणजे ते कुंपण डोळ्यांनी पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या पुढची. आईबापांकडून ऐकलेलं सांगणारेही आता थकलेत. उशीर करून चालणार नाही.

आणि परवानगी नीट घ्यायची. कुणाला बोलायचं नसेल, तर नाही. नाव नको असेल, तर नाव नाही. नंतर मन बदललं, तर रेकॉर्डिंग काढून टाकायचं. ज्यांच्यावर अख्ख्या सरकारने पाळत ठेवली, त्यांच्यापुढे कॅमेरा घेऊन जाताना एवढं तरी आपण पाळलंच पाहिजे.

पडद्याचा खर्च नंतर बघू, आधी चांगला माइक घे. भाषेचंही ठरव. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी हवीच. दिवाळीला येशीलच, तेव्हा दोन दिवस जास्त काढ. कुणाकुणाच्या घरी जायचं, त्याची यादी मी करून ठेवतो.

तुझा,
विजय