सूचना: वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट

सर्व पालकांना नमस्कार,

येत्या काही आठवड्यांत मुलांचे वाढदिवस ओळीने आहेत, म्हणून ही आठवण. रिटर्न गिफ्टच्या भरगच्च पिशव्या शक्यतो टाळूया. घरी पोचेपर्यंत शिट्टी मुकी झालेली असते आणि गाडीचं चाक सोफ्याखाली गेलेलं असतं.

त्याऐवजी पार्टीतच काही करायला द्या. गुळगुळीत दगड, ॲक्रिलिक रंग आणि ब्रश पुरे. स्वतः रंगवलेला दगड मूल मिरवत घरी नेतं. मात्र हे काम सुरुवातीलाच उरकून घ्या, म्हणजे निघेपर्यंत रंग वाळतो. आम्ही शेवटी घेतलं आणि दोन फ्रॉक रंगले! पुस्तकांची अदलाबदलही छान होते: प्रत्येकाने वाचून झालेलं एक पुस्तक कागदात गुंडाळून आणायचं, जाताना दुसऱ्याचं उचलायचं. यजमानांनी दोन-तीन जादा ठेवावीत, कोणीतरी विसरतंच.

वस्तू द्यायचीच असेल तर एकच द्या. बारीक सुटे भाग, छोटी चुंबकं, बटण सेलची खेळणी नकोत. घरात धाकटी भावंडं असतात, आणि गिळलेला बटण सेल २ तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

काहीच दिलं नाही तरी चालेल, कोणी विचारणार नाही.