मोठ्या मापांचे कपडे बेतणाऱ्या मास्तरांना

प्रिय मास्तर,

लेबलावर ब्रँडचं नाव असतं, तुमचं नसतं. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

मध्यम मापाचा साचा चहूबाजूंनी वाढवायचा आणि त्यावर थ्री-एक्सएल लिहायचं, ही सोपी वाट तुम्ही धरली नाहीत. अंग भरलं तरी खांद्याचं हाड रुंद होत नाही. भर पडते छाती, पोट, दंड आणि मांड्यांवर. सरसकट वाढवलेल्या कपड्यात म्हणूनच खांदा दंडावर ओघळतो, मुंढा (बाही जोडतात तो घेर) खाली उतरतो आणि हात उचलला की अख्खा शर्ट वर चढतो. तुम्ही भरलेल्या अंगावरच नवा साचा बेतलात. खांदा हाडापाशी, मुंढा बगलेलगत, बाही दंडाच्या घेराहून 2 इंच सैल. पोटावरून जाताना पुढचं कापड जास्त लागतं, हे ओळखून पुढची लांबीही वाढवलीत, त्यामुळे टी-शर्टचा घेर पुढून उचलला जात नाही.

शर्टाच्या छातीवर पडणारी फट! एक नंबर मोठा घेतला तर ती मिटते, पण गळा आणि खांदे ढिले पडतात. छातीच्या सर्वांत भरीव रेषेवर नेमकं एक बटण आणि बाजूला टक्स, हा तुमचा उपाय आम्ही आता प्रत्येकाला सांगतो.

जीन्समध्ये तुम्ही मांडीच्या सांध्यापासून कमरेपर्यंतची मागची उंची पुढच्याहून जास्त ठेवलीत आणि कमरेचा पट्टा वळणदार कापलात, म्हणून बसल्यावर कंबर मागून उघडी पडत नाही. कापडात इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, 1-2 टक्केच. जास्त घातलं तर संध्याकाळपर्यंत गुडघे आणि सीट लोंबू शकतात. सीटचं माप उभं राहून आणि बसून, दोन्ही घ्या, हा आग्रहही तुमचाच.

ओव्हरसाइज्ड, म्हणजे मुद्दाम ढगळ शिवलेला टी-शर्ट म्हणजे प्लस साइज, म्हणजे मोठ्या अंगासाठी बेतलेलं माप नव्हे, हे तर कितीदा सांगावं लागतं! छातीचा आकडा जुळतो, दंड आणि सीट मात्र आवळतात. युनिव्हर्सल स्टँडर्ड हा अमेरिकी कपड्यांचा ब्रँड 2015 साली सुरू झाला. त्याने अमेरिकी 00 ते 40 अशी मापं दिली. तुमच्यामुळे कार्गो, आखूड जॅकेट, भडक प्रिंट मोठ्या मापातही शोभतात. काळा झगा हाच एक पर्याय उरत नाही.

एक मागणं आहे. बाजूच्या शिवणींत दोन्हीकडे 1 इंच माया (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवा, आणि मापांच्या तक्त्यात आकडे अंगाचे की कपड्याचे, तेही छापा.

आपले ऋणी,
मोठ्या मापांचे कपडे पारखणारे आम्ही