‘तिला काय येतंय?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या जनगणनेबद्दल आपल्या अंकात सध्या बरंच छापून येतंय. त्यातलं बहुतेक जातीच्या रकान्याबद्दल असतं, आणि ते साहजिकच आहे. मी २००१ आणि २०११ अशा दोन्ही वेळा प्रगणक म्हणून सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, घरोघर हिंडले. तेव्हापासून माझ्या मनात सलतात ते भाषेचे दोन रकाने. २०११च्या फॉर्मात १० नंबरला मातृभाषा होती आणि ११ नंबरला येत असलेल्या इतर भाषा, जास्तीत जास्त दोन. या खेपेलाही हे विचारतील असं धरून लिहिते.

जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलायची ती भाषा. आई तान्हेपणीच गेली असेल, तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. प्रश्न असा थेट आईचा. उत्तर मात्र दहातल्या आठ दारांत बापाकडून यायचं.

फेब्रुवारी २०११. विडी कामगारांची गल्ली. दारात एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात थांबत नव्हते आणि तोंडही. आत सासूशी तेलुगूत, शेजारच्या मुसलमान बाईशी आपल्या सोलापुरी हिंदीत, आणि मला पाहिल्यावर मराठीत, “बसा की बाई, चहा टाकते.” विड्या मोजताना परत तेलुगू: ओकटी, रेंडु, मूडु. पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. त्या हजार विड्या कारखान्यात द्यायला गेल्यावर खराब म्हणून बाजूला काढलेल्या मालावरून ती कारकुनाशी भांडायची, तेही मराठीत. हे तिनेच मला सांगितलं, हसत.

नवरा यंत्रमागावर होता. त्याने स्वतःची माहिती दिली: मातृभाषा तेलुगू, इतर मराठी आणि हिंदी. बायकोची मातृभाषाही सांगितली. “आणि इतर भाषा?” “तिला काय येतंय? शाळेतच गेली नाही ती.” बाई काही बोलली नाही. खाली मान घालून विडी वळत राहिली. माझी अजून चौदा घरं बाकी होती. मी ११ नंबरला रेघ मारली.

आम्हाला प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलेलं होतं, की इतर भाषा लिहिता-वाचता आलीच पाहिजे असं नाही, बोलता आणि समजता आली तरी पुरे. चूक माझीच. पुढे जनगणनेचे तक्ते आले, त्यात एकाहून जास्त भाषा येणाऱ्यांत पुरुष जास्त, बायका कमी. बायकांचं शिक्षण कमी, बाहेरची कामं कमी, ही कारणं खरीच आहेत. पण त्यातल्या काही रेघा माझ्यासारख्यांनी मारलेल्या आहेत.

भाषेकडे बघण्यातच फरक आहे असं मला इतक्या वर्षांत वाटत आलंय. मंडळाच्या बैठकीत, सीमाप्रश्नाच्या सभेत भाषा म्हणजे अभिमान, आणि बोलणारे बहुतेक पुरुष. बायका भाषेबद्दल बोलत नाहीत, भाषेने काम काढतात. रेशनवाल्याची एक, दवाखान्यातली एक, कर्नाटकातल्या इंडी किंवा आळंदहून आणलेल्या सुनेसाठी एक. याचा अर्थ त्यांना भाषेचं प्रेम नाही असा कुणी काढू नये. त्यांना कुणी सभेला बोलावलेलं नसतं, इतकंच.

“बायकांमुळेच भाषा टिकते हो” असं कौतुकही कानावर येतं. त्यातली एक मेख सांगते. मी महापालिकेच्या शाळेत शिकवलं. एकाच घरातला मुलगा गणवेश, टाय घालून इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसायचा आणि त्याची बहीण चालत आमच्याकडे यायची. फी एकाचीच परवडत होती, तो कोण हे ठरलेलं होतं. अशा मुलीने मराठी किंवा तेलुगू टिकवली म्हणून तिची पाठ थोपटायची का? तिला विचारलं असतं तर तिनेही रिक्षाच मागितली असती. तिच्या आईने तर नक्कीच. विड्या वळणाऱ्या बायकांना मी कितीदा विचारलंय, पोरीला तेलुगू शाळेत का नको? उत्तर भाषेवर नसायचंच. “सूप नको बाई तिच्या मांडीवर.” तेलुगू म्हणजे त्यांच्या लेखी ते सूप होतं.

ऑस्ट्रियात ओबरवार्ट नावाचं गाव आहे. तिथे सुझन गॅल या संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच पाहिलं होतं. तिथल्या शेतकरी घरांत हंगेरियन बोलत. तरुण मुली मात्र झपाट्याने जर्मनकडे वळत होत्या, कारण हंगेरियन बोलणारा नवरा म्हणजे जन्मभर शेणगोठा. भाषेशी त्यांचं वैर नव्हतं, गोठ्याशी होतं. हे वाचलं तेव्हा मला आमचा पूर्व भागच आठवला.

आता म्हणे मोबाईलवर घरबसल्या स्वतःच माहिती भरता येणार. सोय चांगली आहे. पण ‘स्वतः’ म्हणजे कोण? घरातला हुशार पोरगा दहा मिनिटांत सगळ्यांचं भरून टाकेल, आणि आजीच्या पुढे काय टाकेल ते मला आत्ताच दिसतंय. निदान जे प्रगणक दारात जातील त्यांना एवढं बजावून सांगा, की बाईची भाषा बाईलाच विचारा, आणि शक्यतो ती नुसती जवळ बसलेली असताना नव्हे, ती स्वतः बोलत असताना विचारा. आपल्या वृत्तपत्राने हे चार ओळींत छापलं तरी पुष्कळ.

आता माझंच. माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घर कन्नड. आईला आम्ही अव्वा म्हणत असू आणि तिला मराठी शेवटपर्यंत धड आली नाही. २०११ला मी दुसऱ्यांची दारं वाजवत फिरत होते, त्याच आठवड्यात आमच्या दारी दुसऱ्या शाळेतल्या एक बाई येऊन गेल्या. रात्री जेवताना मी यांना विचारलं, माझी मातृभाषा काय सांगितलीत?

“मराठी. का गं? तू मराठीच तर शिकवतेस.”

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर