सकाळच्या रेडिओवाली ट्यून

प्रिय चिनू,

प्रागचे फोटो बघितले, बाबांनी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलेत, चिडू नकोस. पुढच्या आठवड्यात कार्लोवी वारीला जाणारेस ना, तर तिथल्या एका माणसाबद्दल सांगायचंय, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

आकाशवाणी सुरू व्हायच्या आधी सकाळी ती ट्यून लागायची बघ, आधी तंबोरा आणि मग त्यावर व्हायोलिन, आजोबा तेवढ्यासाठी उठून बसायचे. ती वॉल्टर कॉफमनची म्हणतात. ज्यू माणूस, जन्म १९०७ चा, तेव्हा गावाचं नाव कार्ल्सबाद. प्रागच्या जर्मन युनिव्हर्सिटीत पीएचडीचा प्रबंध लिहून तयार, तेवढ्यात कळलं की आपला प्रोफेसर नाझी तरुणांच्या गटाचा म्होरक्या आहे, तर पठ्ठ्याने डिग्रीच घेतली नाही! कौतुक वाटलं ग, पण तू असं काही केलंस तर माझं काय होईल तेही मनात आलंच.

१९३४ ला मुंबईत आला, कारण इथला व्हिसा सहज मिळत होता, एवढं साधं. आपल्या गाण्याच्या रेकॉर्ड ऐकल्या तेव्हा त्याला ओ की ठो कळेना, पण म्हणाला की लाखो लोक हे प्रेमाने ऐकतात म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय, आणि शिकायला बसला. त्याच वर्षी चेंबर म्युझिक (मोजक्याच वादकांनी मिळून वाजवायचं पाश्चात्य संगीत) सोसायटी काढली, विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचे, व्हायोलिनवर मेहली मेहता म्हणजे आपल्या झुबिन मेहतांचे वडील. १९३७ पासून रेडिओवर नोकरी, पाश्चात्य संगीताचा विभाग त्याच्याकडे.

आता लोक लिहितात की भारताने ज्यूंना कसं प्रेमाने जवळ केलं वगैरे. अर्धंच खरं आहे ते. १९३९ ला युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाले पुरुष शत्रू म्हणून उचलले, त्यात हिटलरपासून पळून आलेले ज्यूही, आणि आपल्या अहमदनगरला तारेच्या कुंपणाआड नाझींच्याच बरोबर ठेवले, नंतर चौकशी करून बऱ्याच जणांना सोडलं. हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाही, नगरला मामाकडे प्रत्येक सुट्टीत जायचो तरी!

कॉफमनची बायको गेर्टी ही लेखक काफ्काची सख्खी भाची, तू परवा ज्याच्या म्युझियमला गेलीस तोच. तिच्या आईला, एलीला, १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत, पाठवलं, ती परत आली नाही. गेर्टीच्या दोन्ही मावश्याही नाझींनीच मारल्या.

१९४६ ला कॉफमनने मुंबई सोडली, कॅनडात विनिपेगचा ऑर्केस्ट्रा चालवला आणि शेवटी अमेरिकेत इंडियानाच्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, विषय काय तर आपले राग! त्यावर पुस्तकं लिहिली त्याने, उत्तरेच्या रागांवर वेगळं आणि दक्षिणेच्या वेगळं. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मिळतं का बघ, बाबांना हवंय.

थंडी वाढली असेल, तो जाड स्वेटर घाल.

तुझी आई